तारेवरचा धंदा आणि शेतकऱ्याचा मुलगा

ज्या घरीं मुलगे तीन आणि जमीन मात्र एकाचें पोट भरण्यापुरती, तेथें धाकट्यांस काय शिकवावें, हा प्रश्न आपल्या संघाच्या बैठकींत वारंवार निघतो. कचेरींतील खुर्ची, मास्तरकी व पोलिसांतील भरती यांपलीकडे आपली दृष्टि सहसा जात नाहीं. विजेच्या तारा ओढण्याचा व त्या राखण्याचा धंदा हाहि एक मानाचा व बारमाही धंदा आहे, हें मला शेतकरी बंधूंच्या नजरेस आणावयाचें आहे. परंतु त्यांत शिरावयाचें तें दारानें, कुंपणावरून नव्हे.

आमच्या नवघराचेंच पाहा. भाईंदर स्टेशनच्या पूर्वेस, भातखाचरें व मिठागरें यांच्यामध्यें वसलेलें हें गांव. बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेच्या गाड्या १९३६ सालीं सुरू झाल्या, आणि तार गांवाच्या उशाशीं आली. पुढें १९८५ सालीं नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, व खाचरांच्या जागीं इमारती उठल्या. जमिनीचा पैसा आला तसा बहुतेकांचा गेला. ज्यांच्या हातांत कांहीं कसब होतें ते मात्र तगून राहिले. आतां येथील वीज बहुतेक जमिनीखालच्या केबलीनें येते, म्हणून आमच्या मुलांस खांबाची ओळख उरली नाहीं. खाडी ओलांडून वसईच्या खेड्यांत किंवा मुरबाड-शहापुराकडे गेलें कीं खांब व तारा यांचेंच राज्य लागतें.

हें काम वाटतें तितकें अडाण्याचें नाहीं. अकरा किंवा बावीस हजार व्होल्टची वीज डीपीवर उतरते, व तेथून सुमारें चारशें व्होल्टची होऊन आपल्या पंपास मिळते. तार बंद केली म्हणजे ती मेली, असा पुष्कळांचा समज आहे, व तो जीवघेणा आहे. कोणा दुकानदारानें आपलें जनरेटर चुकीच्या रीतीनें जोडलेलें असलें, तर तीच बंद तार उलट्या बाजूनें जिवंत होते. म्हणून शिकलेला मनुष्य आधीं उपकेंद्राकडून परमिट घेतो, स्विच उघडून त्यास कुलूप घालतो, तारेंत वीज नाहीं हें यंत्रानें पारखतो, आणि जेथें काम करावयाचें तेथें दोन्ही अंगांस तारा जमिनीशीं जोडून मगच हात लावतो. यांतील एक पायरी गाळली तर दुसरी संधि नाहीं.

समुद्रकांठीं त्यांत खाऱ्या वाऱ्याची भर. तार ज्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर बसते त्यावर मिठाचा थर सांचतो. पावसांत तो धुतला जातो. परंतु हिवाळ्याच्या पहांटे दंवानें ओला झाला, कीं त्यावरून वीज खांबाकडे पळूं लागते. लोखंडी सामान गंजतें तें निराळेंच. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें रायगड जिल्ह्यांत हजारों खांब आडवे केले, तेव्हां इतर जिल्ह्यांतून माणसें आणून ते उभे करावे लागले. असें कसब हातीं असलेल्यास काम शोधीत हिंडावें लागत नाहीं.

आतां कुंपणावरून शिरणाऱ्यांविषयीं. महसूल खात्यांत कारकून असतांना विजेच्या धक्क्यानें मयत झालेल्यांचीं प्रकरणें माझ्या टेबलावरून जात. त्यांत मधून मधून असा एखादा मुलगा निघे, कीं जो कोणाच्याच नोकरींत नसे. लोक त्यास झिरो वायरमन म्हणतात. त्यास वर चढवितांना खालीं चार शेतकरी उभे असतात. पंचनाम्याच्या वेळीं मात्र त्यास कोणी पाठविलें हें शिवारांत कोणासच ठाऊक नसतें! अशा अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करितात. अनधिकृत मनुष्यानें तारेस हात लावला असा शेरा पडल्यावर त्याच्या आईस भरपाई मिळणें फार कठीण होतें. फ्यूज उडाला आहे, पीक सुकत आहे, लाइनमनकडे गांवें अनेक आहेत व तो येत नाहीं, ही आपली तक्रार खरी आहे. ती मी नाकारीत नाहीं. परंतु तिचें उत्तर शेजाऱ्याचा मुलगा नव्हे.

दाराची वाट अशी आहे. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्री किंवा तारतंत्री यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तारतंत्रीस आठवी उत्तीर्ण पुरते, म्हणून कांहीं बाप मुलास तेथेंच शाळेंतून काढतात. तसें करूं नये. कारण महावितरणच्या विद्युत सहायक पदास दहावीहि लागते. २०२३ च्या अखेरीस त्या पदाच्या ५३४७ जागांची जाहिरात निघाली; तींत पहिल्या वर्षीं दरमहा १५,०००, दुसऱ्या वर्षीं १६,००० व तिसऱ्या वर्षीं १७,००० रुपये मानधन होतें. खांबावर जीव टांगणाऱ्यास ही रक्कम थोडी आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. तथापि तीन वर्षांनंतर तंत्रज्ञ म्हणून कायम होण्याची वाट तेथें आहे. ठेकेदाराकडे जावयाचें झाल्यास बापानें स्वतः जाऊन विचारावें: विमा आहे काय, कमरेचा पट्टा, हातमोजे व बूट देतां काय? उत्तर गुळमुळीत आलें तर मुलास घेऊन परत यावें. मुलींसहि हा धंदा बंद नाहीं. बीड जिल्ह्यांतील एक महिला तंत्रज्ञ शिडीवांचून खांबावर चढत असल्याची चित्रफीत २०२० सालीं पुष्कळांनीं पाहिली असेल.

संघानें दोन गोष्टी कराव्या अशी माझी सूचना आहे. सभासदानें खाजगी माणसास डीपीवर चढविल्यास त्याचें सभासदत्व तहकूब करावें. आणि दरवर्षीं दोन मुलांची फी व वह्या-पुस्तकें संघाच्या निधींतून द्यावीं. दहावीच्या निकालानंतर प्रवेश-अर्ज सुरू होतात व ते संगणकावरून भरावे लागतात. ज्यांस तें जमत नसेल त्यांनीं मुलाची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला व जातीचा दाखला घेऊन मजकडे यावें. मी बसून भरून देईन.