कोरड मोजायची कशी?

तोंडाला कोरड पडणे ही तक्रार वरवर किरकोळ वाटते. परंतु डोके व मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या रुग्णाला तिच्यापायी घास गिळणे, बोलणे आणि झोपणेही अवघड होते. तिच्यावरील उपचार लागू पडला, हे संशोधकांनी ठरवायचे कशावरून?

एक मार्ग लाळ मोजण्याचा. विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ सुटत असल्यास ती अपुरी मानतात. दुसरा मार्ग रुग्णालाच विचारण्याचा. मरे थॉमसन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेली ११ विधानांची प्रश्नावली त्यासाठी प्रसिद्ध आहे.

अडचण अशी, की दोन्ही उत्तरे नेहमी जुळत नाहीत. लाळ स्वतःच्या मूळ प्रमाणाच्या साधारण निम्म्यावर आली की कोरड जाणवू लागते. आणि हे मूळ प्रमाण माणसागणिक वेगळे असते. त्यामुळे आकडा समाधानकारक असूनही रुग्ण त्रस्त असू शकतो.

ब्रिटनमधील 'पार्स्पोर्ट' चाचणीच्या २०११ मधील निष्कर्षांत लाळग्रंथी वाचवणाऱ्या आयएमआरटी पद्धतीनंतर वर्षभराने ३८ टक्के रुग्णांना लक्षणीय कोरड होती, तर पारंपरिक पद्धतीत ७४ टक्के. या फरकाचे मोल लाळेच्या थेंबांत नव्हे, सुखाने गिळलेल्या घासात आहे.

तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात म्हणूनच प्रश्नावलीचे केवळ शब्दशः भाषांतर पुरणार नाही. 'कोरडे अन्न' म्हणजे भाकरी की बिस्किट, हे रुग्णांशी बोलूनच ठरवावे लागेल. लाळ जरूर मोजावी. अंतिम कौल मात्र रुग्णाचाच हवा.