‘येजो’ अशुद्ध कोणीं ठरविलें?

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या आमच्या महाविद्यालयांत ‘क्वोथ’ हें क्रियापद मोठ्या आस्थेनें समजावून दिलें जातें. त्याचा वर्तमानकाळ केव्हांच लुप्त झाला. उरला तो भूतकाळ, आणि तोहि प्रथम व तृतीय पुरुषापुरता. कर्ता त्याच्या मागून यावयाचा. मृत्युपत्रानें मालमत्ता देणें या अर्थाचें ‘बिक्वीथ’ हें त्याच्याच कुळांतलें. ‘मीथिंक्स’ म्हणजे ‘मी विचार करतों’ नव्हे, तर ‘मला वाटतें’, हेंहि आम्ही वर्गांत बजावून सांगतों आणि विद्यार्थी तें परीक्षेंत बिनचूक उतरवितो. याच विद्यार्थ्यास, पसायदानांतील ‘भजिजो’ हें कोणत्या धातूचें कोणतें रूप, असें विचारून पाहावें. पसायदान त्याला पाठ असतें. प्रश्नाचें उत्तर मात्र नसतें. यांत दोष त्याचा नाहीं. ज्यांनीं त्याला मराठीचें व्याकरण शिकविलें त्यांनीं हें रूप त्याला कधीं दाखविलेंच नाहीं. इतकेंच नव्हे, तर तें रूप जेथें जिवंत आहे तेथें त्याच्यावर लाल शाईची रेघ ओढली. आमचा वाद या रेघेशीं आहे.

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी हें जुनें गांव आहे. त्या भागांत, आणि खरें म्हणजे बहुतेक विदर्भांत, घरांतून निघालेल्या मुलाला आई म्हणते, ‘सांभाळून जाजो’. पाहुण्या भाच्याला मामी म्हणते, ‘दिवाळीला येजो’. ‘बापाला सांगजो’, ‘औषध वेळेवर घेजो’, ‘तिकडे गेल्यावर चिठ्ठी देजो’. हेंच मूल निबंधांत ‘येजो’ लिहितें तेव्हां त्याला तें रूप ‘गांवठी’ म्हणून खोडून मिळतें. पुण्यामुंबईस शिकावयास गेलें तर तेथील सोबती त्यावर हंसतात आणि जाणतेपणाचा आव आणून ‘ही हिंदीची लागण’ असा निकाल देतात. मूल मुकाट्यानें ‘येजो’ टाकून देतें. आणि आपली आई चुकीचें बोलते, असा एक समज आयुष्यभरासाठीं बरोबर घेऊन जातें. शिक्षणानें मनुष्याला दिलेल्या समजांत याहून घातक समज थोडेच असतील.

आतां हें रूप सांगतें तरी काय, तें पाहूं. ‘ये’ ही आज्ञा तत्काळची आहे. समोरच्यानें उठावें आणि यावें. ‘येजो’ ही पुढील काळाची विनवणी आहे. आतां नव्हे, पण वेळ येईल तेव्हां ये, विसरूं नकोस. ‘जा’ म्हटल्यानें घालविल्यासारखें होतें. ‘जाजो’ म्हणणारी निघणाऱ्याच्या वाटेची काळजी वाहते. हा सूक्ष्म भेद शिष्ट मराठीस एका शब्दांत दाखवितां येत नाहीं. तिला ‘येशील ना’ असा प्रश्न करावा लागतो, ‘ये हं’ असें शेपूट जोडावें लागतें, किंवा ‘यावें’ असें पत्रांतले औपचारिक रूप काढावें लागतें. शाळेंतील व्याकरणांत आज्ञार्थाचें जें कोष्टक असतें त्यांत या अर्थाचें घर रिकामें आहे. पवनीच्या बोलींत तें भरलेलें आहे. ज्या बोलीजवळ एक रूप अधिक आहे ती दरिद्री, आणि जिच्याजवळ तें नाहीं ती समृद्ध, हा कोणता हिशेब?

या रूपाची वंशावळ संशयास जागा ठेवीत नाहीं. प्राकृतांत ‘इज्ज’ हा प्रत्यय लागून कर्मणि रूपें होत: ‘दिज्जइ’ म्हणजे दिलें जातें. शिवाय ‘होज्ज’, ‘करेज्ज’ अशीं इच्छा व विधि दाखविणारीं रूपेंहि होतीं. हे दोन प्रवाह पुढें एकमेकांच्या फार जवळ आले. जुन्या मराठींत त्यांतून ‘दीजे’, ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ हीं रूपें आलीं, आणि त्यांच्याच शेजारीं विनंति व आशीर्वाद दाखविणारीं ‘जो’कारान्त रूपें नांदूं लागलीं. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरींत आरंभीच्याच अध्यायांत ज्ञानदेव श्रोत्यांना ‘अवधारिजो’ म्हणतात, म्हणजे ‘ऐकावें’ अशी विनवणी करतात. आणि ग्रंथाच्या अखेरीस पसायदानांत ‘भजिजो’ येतें. ‘अवधारिजो’ आणि ‘सांगजो’ हीं शेजारीं शेजारीं ठेवावीं. मधला ‘इ’ झिजला, एवढाच काय तो फरक.

आणि गंमत अशी कीं, जे ‘येजो’ला हंसतात त्यांचेंहि या प्रत्ययावांचून घटकाभर चालत नाहीं. ‘मला पुस्तक पाहिजे’ यांतील ‘पाहिजे’ म्हणजे ‘पाहणें’ या धातूचें जुनें कर्मणि रूप: पुस्तक पाहिलें जातें, शोधलें जातें, म्हणून तें हवें आहे. म्हणूनच तेथें ‘मी’ न येतां ‘मला’ येतें. ‘म्हणजे’ हें ‘म्हणिजे’चेंच झिजलेलें रूप. सदाशिव पेठेंतील गृहस्थ दिवसांतून शंभर वेळां ‘म्हणजे’ आणि पन्नास वेळां ‘पाहिजे’ म्हणतात आणि त्यांच्या भाषेच्या शुद्धतेस बाध येत नाहीं. पवनीच्या बाईनें त्याच घराण्यांतला ‘जाजो’ उच्चारला कीं व्याकरण बुडतें!

प्रतिपक्षाचे आक्षेप तीन आहेत. पहिला हिंदीचा. नागपूर-भंडारा हा मुलूख १८६१ पासून १९५६ पर्यंत हिंदी जिल्ह्यांबरोबर एका प्रांतांत होता, ही गोष्ट खरी, आणि शेजाराचा परिणाम बोलीवर होतो हेंहि खरें. शेजारानें हें रूप टिकविण्यास हातभार लावला असेल, असें कोणी म्हटल्यास आम्ही भांडणार नाहीं. परंतु १२९० सालच्या ग्रंथांत जें रूप आहे तें एकोणिसाव्या शतकांतील प्रांतरचनेनें आणलें, हें म्हणणें काळाचें भान सोडून आहे. हिंदीचें ‘कीजिये’ आणि गुजरातीचें ‘आवजो’ हीं या रूपाचीं भावंडें आहेत; आणि भावंडांचे चेहरे सारखे दिसले म्हणून एकानें दुसऱ्याचा चेहरा चोरला असें होत नाहीं. गुजराती मनुष्य निरोप घेतांना रोज ‘आवजो’ म्हणतो आणि सुशिक्षित गुजरात्याला त्याची लाज वाटत नाहीं, ही गोष्ट मात्र ध्यानांत घेण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप ग्राम्यतेचा. तो व्याकरणाचा नसून प्रतिष्ठेचा आहे, म्हणून त्याला व्याकरणानें उत्तर देण्याचें कारण नाहीं. तिसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे: लेखनाची भाषा एक असावी, नाहीं तर कोल्हापूरचें पत्र गोंदियास समजणार नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. न्यायालयाचे निवाडे आणि शास्त्रीय ग्रंथ ‘येजो’, ‘करजो’ यांनीं भरावे, असा आमचा आग्रह नाहीं. पण ‘लेखनांत हें रूप चालत नाहीं’ हें एक वाक्य आहे आणि ‘हें रूप अशुद्ध आहे’ हें दुसरें. पहिलें वाक्य व्यवहार सांगतें. दुसरें खोटें आहे. आमच्या शाळांत पहिल्याच्या जागीं सर्रास दुसरें बोललें जातें.

इंग्रजांच्या भाषेचे गोडवे गाणाऱ्यांनीं त्यांची एक गोष्ट अवश्य उचलावी. यॉर्कशायरच्या गिरणींत लहानपणीं काम करणारा आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास अक्षर ओळखूं लागलेला जोसेफ राइट पुढें ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक झाला. आपल्या गांवच्या बोलीचें व्याकरण त्यानें १८९२ सालीं छापलें, आणि इंग्लंडांतील बोलींचा सहा खंडांचा कोश १९०५ सालीं पुरा केला. योगायोग असा कीं, ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीच्या बोलींना वाहिलेला सातवा खंडहि १९०५ सालींच निघाला. तिकडे गिरणीकामगाराच्या मुलानें स्वतःची बोली विद्यापीठांत नेली. इकडे आमच्या बोलींचे नमुने परक्या अधिकाऱ्यांना गोळा करावे लागले, आणि आम्ही त्यांवर लाल रेघा ओढीत बसलों.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद सर्वांना झाला आणि तो योग्यच होता. परंतु हा दर्जा प्राचीनतेच्या आधारानें मागितलेला होता, आणि प्राचीनता केवळ शिलालेखांत राहत नाहीं. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलें, तेव्हां बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख हातीं आले. ते आम्ही जपून ठेवले. त्याच गांवांत, त्याच प्राकृताच्या घराण्यांतलें एक क्रियारूप लोकांच्या तोंडीं आहे; त्याला खणून काढावें लागत नाहीं, आणि आम्ही मात्र तें पुरण्याच्या उद्योगांत आहों.

आमचें मागणें मोठें नाहीं. शालेय व्याकरणांत आज्ञार्थाच्या पाठाखालीं एक परिच्छेद घालावा: जुन्या मराठींत ‘अवधारिजो’, ‘भजिजो’ अशीं रूपें होतीं, ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ हे त्यांच्या कुळांतले अवशेष, आणि विदर्भांत ‘येजो’, ‘करजो’ हीं रूपें आजहि बोलतात. पसायदान शिकवितांना ‘भजिजो’ची ओळख या ‘येजो’वरून करून द्यावी; विदर्भांतल्या मुलाला ती क्षणांत पटेल आणि इतरांना नवीन कांहीं कळेल. शिक्षकांनीं उत्तरपत्रिकेवर ‘अशुद्ध’ न लिहितां ‘बोलीरूप’ लिहावें. याला खर्च लागत नाहीं, समिति लागत नाहीं. शाई तेवढीच लागते. आणि हें घडेपर्यंत पवनीच्या आईनें ‘सांभाळून जाजो’ म्हटलें तर मुलानें ‘हो’ म्हणून निर्धास्तपणें निघावें. तिचें व्याकरण चुकलेलें नाहीं.