सुट्टीचे दोन दिवस आणि मित्रमेळा

शुक्रवारची संध्याकाळ झाली, की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील पथकर नाक्यांपुढे मोटारींच्या रांगा लागू लागतात. पावसाळ्यात माळशेज आणि ताम्हिणीच्या घाटांत उभे राहायला जागा उरत नाही. हिवाळ्यात कोकणकिनाऱ्यावरील घरगुती खानावळी भरून वाहतात. एके काळी मध्यमवर्गीय कुटुंब वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुट्टीत आणि तेही बहुधा आजोळी, जात असे. आता दोन दिवस मोकळे मिळाले, की चार मित्र किंवा दोन-तीन कुटुंबे एकत्र येतात आणि बाहेर पडतात. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्राने पाच दिवसांचा आठवडा रुळवला. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांनीही तो स्वीकारला. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नाशिक मुंबईच्या आणखी जवळ आले. वेळ आहे, रस्ता आहे, चार पैसेही गाठीशी आहेत. अशा वेळी समाजाचा एक मोठा वर्ग आपली सुट्टी कशी घालवतो, हा केवळ हौसेमौजेचा विषय राहत नाही. तो समाजाच्या घडणीचा विषय होतो.

या विषयावर आपल्या परिवारात बहुधा दोनच सूर ऐकू येतात. पहिला सूर नापसंतीचा. ‘आजच्या तरुणांना चैन हवी, कामाला मात्र वेळ नाही’, असे म्हणून ज्येष्ठ मंडळी विषय संपवतात. दुसरा सूर सोडून देण्याचा. ‘ज्याचा पैसा, ज्याची सुट्टी, त्यात आपण काय बोलणार?’ या दोन्ही सुरांत एक गोष्ट समान आहे. सुट्टी आणि समाज यांचा परस्परांशी संबंध नाही, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. आम्हाला हे गृहीतकच मान्य नाही.

मुळात विश्रांती आणि सामूहिक आनंद या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत बसवणारा, कोजागरीला चांदण्यात दूध आटवणारा, चैत्र-पौषात गावोगावच्या जत्रांना बैलगाड्या जुंपणारा हा समाज आहे. घराबाहेर पडून, निसर्गाच्या सान्निध्यात, एकत्र जेवण्याला आपल्या पूर्वजांनी व्रताची प्रतिष्ठा दिली. ज्या रविवारी आपण आज बाहेर पडतो, तो रविवारही कोणी सहजासहजी दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीसाठी लढा दिला, तेव्हा १८९० मध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या माणसांच्या घामातून हा दिवस मिळाला आहे. तो उपभोगण्यात अपराध नाही; तो वाया घालवण्यात मात्र कृतघ्नता आहे.

प्रवासाच्या बाबतीतही तेच. आपल्या परंपरेत प्रवासी हा यात्रिक होता. त्याच्यासाठी गावाने विहीर खोदली, पार बांधला, धर्मशाळा उभारली. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरे आणि धर्मशाळा बांधल्या, त्या कोण्या एका जातीच्या वा प्रांताच्या यात्रिकांसाठी नव्हत्या. या व्यवस्थेत यात्रिकाचेही काही कर्तव्य असे. तो ज्या गावी उतरे, तेथील रीत पाळी, पाणी जपून वापरी, तेथील देवाला आणि माणसांना नमस्कार करूनच पुढे जाई.

आज बिघडले आहे ते नेमके येथे. यात्रिक जाऊन त्याच्या जागी ग्राहक आला. ‘मी पैसे मोजले आहेत’ ही भावना मनात घेऊन तो बाहेर पडतो. मग गडाचे टाके त्याला हात-पाय धुण्याची जागा वाटते, तटाचा चिरा स्वतःचे नाव कोरण्याची पाटी वाटते आणि डोंगराचा उतार म्हणजे रिकाम्या बाटल्या भिरकावण्याचे मैदान वाटते. ११ जुलै २०२५ रोजी रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, प्रतापगड, लोहगड यांच्यासह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, तर जिंजी तामिळनाडूत. या बातमीने आपली छाती अभिमानाने फुगली, हे योग्यच झाले. परंतु ज्या गडावर मावळ्यांनी रक्त सांडले, त्याच गडाच्या बुरुजावर बसून मद्याच्या बाटल्या फोडणारी टोळकी परदेशातून आलेली नसतात. ती आपल्याच गृहसंकुलांतून आणि आपल्याच महाविद्यालयांतून आलेली असतात.

या बेपर्वाईची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भारासह कोसळला आणि चौघांनी प्राण गमावले. दोन्ही दिवस रविवारचे होते. मृतांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. धोकादायक जागा ओळखून त्या वेळेवर बंद करणे, गर्दीच्या दिवशी तेथे माणसे नेमणे, ही प्रशासनाची जबाबदारी आहे आणि ती केवळ फलक लावून संपत नाही. परंतु पावसाळ्यातील डोंगरी ओढा कसा चढतो, हे त्या खोऱ्यातील गुराखी पोरालाही ठाऊक असते. त्याला विचारावे असे शहरातून आलेल्या माणसाला वाटत नाही. ग्राहक विक्रेत्याशी बोलतो. गावकऱ्याशी बोलण्याचे त्याला कारण पडत नाही. यात्रिक मात्र गावात शिरताच पहिल्यांदा वाट विचारतो.

दुसरा प्रश्न त्याहून खोल आहे. आपण ज्यांच्याबरोबर सहलीला जातो, ते मित्र कोण आहेत? बहुतेकांचे मित्रमंडळ एकाच कार्यालयातले, एकाच उत्पन्नगटातले आणि तपासून पाहिले तर पुष्कळदा एकाच जातीतले असते. मोटारीत पाच माणसे असतात. पण पाचही जणांची मुले सारख्याच शाळांत जातात, पाचही घरांतल्या गप्पा सारख्याच असतात. तेथे पोहोचल्यावरही प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसतो. दोन दिवस एका छपराखाली काढूनही मित्राच्या वडिलांचे आजारपण कळत नाही, त्याची नोकरी धोक्यात आहे हे समजत नाही. छायाचित्रे शंभर निघतात, संवाद मात्र एकही होत नाही. शहरातील माणूस आज गर्दीत एकटा पडला आहे. सहल हे त्या एकटेपणावरचे औषध ठरू शकते. पण औषध घेण्याची रीत चुकली, तर गुण कसा येणार?

मित्र या शब्दाला केवढी शक्ती असू शकते, हे जाणायचे असेल, तर दोन दिवसांची एक सहल नाशिकची करावी. हल्ली मुंबई-पुण्याचे अनेक गट द्राक्षांच्या मळ्यांत वारुणीची चव घेण्यासाठी या शहरी जातात आणि रविवारी संध्याकाळी परततात. त्यांनी नाशिक पाहिलेलेच नसते. प्लेगने वडिलांचे छत्र हिरावून घेतल्यानंतर सावरकर बंधू भगूरहून याच शहरातील तिळभांडेश्वराच्या बोळात राहायला आले. तेथे १९०० साली विशीच्याही आतल्या विनायकाने आपल्या सवंगड्यांना जमवून जी मंडळी उभी केली, तिचे नाव ‘मित्रमेळा’. ही मंडळी आठवड्याला जमत, इतिहास वाचत, वाद घालत, शिवजयंती आणि गणेशोत्सव साजरे करत. दोन्ही पाय निकामी झालेले कवी गोविंद हे या मेळ्यातलेच. ज्याला चालता येत नव्हते, त्याच्या कवनांनी महाराष्ट्राला चालते केले. याच मेळ्यातून १९०४ साली ‘अभिनव भारत’ जन्माला आली. तीही मित्रांची मैफलच होती. तेथेही थट्टामस्करी, गाणी, रुसवेफुगवे असणारच. फरक एवढाच, की त्यांच्या मैत्रीला स्वतःपलीकडचा एक विषय होता.

याच नाशकात काळाराम मंदिर आहे. पेशवाईच्या काळात सरदार रंगराव ओढेकर यांनी ते बांधले. त्याच्या महाद्वारापाशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या सहकाऱ्यांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला आणि तरीही ते द्वार त्या वेळी उघडले गेले नाही. आपल्याच धर्मबांधवांना रामाच्या दर्शनापासून अडवणारे हात हिंदूंचेच होते, हे त्या दारासमोर उभे राहून मुलांना सांगायला हवे. दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मित्रमंडळाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: आज माझ्या मोटारीत, माझ्या पंगतीत कोण बसतो आणि कोण अजूनही बसत नाही? मंदिराचे दार उघडले. मैत्रीचे दार उघडले का?

शहराबाहेरच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाचे लेणे आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख तेथे कोरलेला आहे. शकांचे पारिपत्य करणाऱ्या आपल्या पराक्रमी पुत्राचे गुणगान करणाऱ्या या राजमातेने ते लेणे बौद्ध भिक्षुसंघाला अर्पण केले. भगूरला स्वातंत्र्यवीरांचे जन्मस्थान, त्र्यंबकेश्वरी ज्योतिर्लिंग, गावात १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, संध्याकाळी गोदाकाठ आणि मधल्या वेळेत झणझणीत मिसळ. दोन दिवसांत हे सारे सहज होते. यात आनंद कोठे कमी पडला? उलट परतताना गप्पांना आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळतो. नाशिक हे एक उदाहरण झाले. सातारा, वाई, रत्नागिरी, पैठण, नागपूर, कोल्हापूर, प्रत्येक शहराच्या पोटात असा ऐवज दडलेला आहे. तो पाहण्याची दृष्टी तेवढी बरोबर न्यायला हवी.

येथे आपल्या कार्यकर्त्यांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. संघकार्यात सहल आणि चंदन हे कार्यक्रम पूर्वीपासून आहेत. चंदनात प्रत्येकाने घरून आणलेली शिदोरी एकत्र होते, मग कोणाची पोळी कोणाच्या पानात गेली, हे कोणी विचारत नाही. जातिभेदावर शंभर भाषणांनी जो परिणाम होत नाही, तो या एका पंगतीने होतो. कार्यकर्ता प्रवासात हॉटेलात उतरत नाही, घरात उतरतो; त्यामुळे त्याला दूरदूरच्या गावांतही माणसे मिळतात. हे आपले संचित आहे. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर बाहेर पडणाऱ्या तरुणाला नावे ठेवण्यापेक्षा हे संचित त्याच्या हाती द्यावे. त्याच्या गटाला ओळखीच्या गावात एक घर दाखवून द्यावे, गडाची माहिती असलेला एक जाणता बरोबर द्यावा. बैठकीला न येणारा तरुण राजगडाच्या संजीवनी माचीवर तासभर मनापासून ऐकतो.

ज्या कार्यकर्त्याच्या वहीत महिन्याचे चारही रविवार बैठकांनी भरलेले आहेत, त्यानेही आपल्या घराकडे पाहावे. त्याची मुले सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांच्या मोटारी निघताना पाहतात. घरचा माणूस सतत समाजाचा असावा, हे त्याग म्हणून थोर आहे. पण त्या त्यागाचा हप्ता बायको-मुलांनी न विचारता भरावा, हे न्यायाचे नाही. दोन महिन्यांतून एक शनिवार-रविवार कुटुंबाचा आणि मित्रांचा, हे नियोजनाच्या वहीतच लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. बहुतेक सहलींत गृहिणीला सुट्टी नसतेच. आदल्या रात्री पराठे लाटायचे, मुलांच्या बॅगा भरायच्या, तेथे पोहोचल्यावर वाढायचे आणि परतल्यावर कपड्यांचा ढीग धुवायचा. सगळे ताजेतवाने होऊन येतात, ती दमून येते. पुरुषांनी व मुलांनी कामे वाटून घेतली, तर सहल सर्वांची होईल. मैत्रिणींच्या गटाने स्वतंत्रपणे दोन दिवस बाहेर जावे, त्यातही कोणाला नवल वाटण्याचे कारण नाही. अहिल्यादेवींच्या आणि गौतमी बलश्रीच्या देशात स्त्रीच्या प्रवासाला परवानगीची भाषा शोभत नाही.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही, फार खर्चाचीही नाही. जाण्यापूर्वी त्या स्थानाविषयी थोडे वाचावे. जेवण गावातल्या घरी सांगावे, म्हणजे चार पैसे तेथील चुलीपर्यंत पोहोचतील. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा. धोक्याच्या जागेविषयी गावकऱ्याचा शब्द मानावा. प्रत्येक सहलीत एक तरी नवा माणूस असा घ्यावा, जो आपल्या नेहमीच्या वर्तुळातला नाही. आणि संध्याकाळी तासभर तरी मोबाइल बाजूला ठेवून एकमेकांशी बोलावे, हसावे, गावे.

राष्ट्र म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे, असे आपण बौद्धिकांतून नेहमी सांगतो. मग ते प्रत्यक्ष भेटते कोठे? ते भेटते घाटातल्या टपरीवर, गडाखालच्या वाडीत, अनोळखी घरच्या ओसरीवर आणि शेजारी बसलेल्या मित्राच्या सुखदुःखात. आठवड्याचे दोन दिवस त्यासाठी हाताशी आहेत. ते ग्राहक म्हणून खर्च करायचे, की यात्रिक म्हणून सार्थकी लावायचे, हे येत्या शुक्रवारी सामान भरतानाच ठरवायचे आहे.