सही कुणाची, हात कुणाचा?



गेल्या महिन्यात आपल्याच एका बैठकीत एक शहाणा मित्र मला म्हणाला, ‘काय रे, कवी ना तू? आणि तारतंत्रीच्या परीक्षेला बसतोस? म्हणजे व्यवस्थेनं तुलाही गिळलं म्हणायचं.’ बैठक हसली. मीही हसलो. पण ते पोटात राहिलं. आज ओकतो.

मी भोरकडचा. शिक्षण मॅट्रिक, काम मुंबईच्या गोदीत. मागच्या पावसात आम्ही एका ठेकेदाराच्या पंपानं पाणी उपसत होतो. केबल सोललेली. प्लगची तिसरी पिन मोडून टाकलेली, कारण ती बोर्डात बसत नव्हती. माझ्या शेजारच्यानं पंपाला हात लावला आणि तो फेकला गेला. जगला. पण उजव्या हाताची दोन बोटं आखडली ती आखडलीच. आता त्याला हुक धरता येत नाही. ठेकेदाराच्या कागदावर मात्र लिहिलेलं होतं : तपासले, सुरक्षित. खाली सही. सही करणारा त्या पंपाजवळ एकदाही आला नव्हता.

त्या दिवशी मला कळलं, सही हीसुद्धा एक जात आहे. सही वर बसते, हात खाली तारेत असतो. येसकराच्या काठीचं वतन कायद्यानं गेलं, पण तुटलेली तार उचलायला पहिली हाक अजून कुणाला जाते ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून मी पुस्तक उघडलं. त्यात काय आहे ऐका. ती मोडलेली तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. पंपाच्या अंगावर वीज उतरली तर तिला जमिनीत जायला सोपी वाट हवी. वाट मिळाली की जोराचा प्रवाह जातो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. वाट नसली की वाट माणूस होतो. वायरिंग तपासायचं तर आधी मेन बंद. मग ५०० व्होल्टचा मेगर लावायचा, एक मिनिट. रोध एक मेगओहमच्या खाली आला तर वायरिंग नापास. मग तो साहेबाचा बंगला असो की चाळ. मेगर आडनाव विचारत नाही.

आणि एक गंमत. तार मेली आहे का हे बघण्याआधी टेस्टर जिवंत तारेवर लावून बघायचा. मग मेलेल्या तारेवर. मग पुन्हा जिवंत तारेवर. कारण टेस्टरच मेलेला असेल तर तो जिवंत तारही मेलेलीच दाखवतो. आता मला सांगा, पिढ्यान् पिढ्या आम्हाला नापास करणारा टेस्टर कुणी तपासला होता?

मित्र म्हणतो, परीक्षा म्हणजे गुलामी. अरे, १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, आणि वीज त्याच खात्यात होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरण समितीपुढं त्यांनी विजेचा प्रश्न दारिद्र्याशी जोडला. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, तिच्यावर कारखानदारी उभी राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात उभं राहिलं. घटनेचा बाप तुम्ही मिरवता. विजेचा हा बाप कुठल्या जयंतीत दिसतो?

आता माझ्या मुलखाकडे या. वेळवंडी नदीवर भाटघर धरण, १९२८ चं, गव्हर्नर लॉइडच्या नावाचं. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला. पायथ्याला वीजघर. शेजारी वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव, त्यांचं पाणी पुण्याच्या नळाला. सरकारी कागदावर वेल्ह्याचा राजगड झाला. झाला तर झाला. पण जून लागला, डोंगरात वारा सुटला की तारा तशाच पडतात आणि आमच्या वस्तीवर दिवस दिवस अंधार. धरण आमच्या उशाशी, कंदील आमच्या हाताशी.

पण शिव्या फक्त वरच्यांना देऊन भागणार नाही. थोड्या घरातही वाटू. मी गेलो त्या क्लासात मेगर कपाटात कुलूपबंद. पोरं उत्तरं पाठ करतात. गाईडात अजून १९५६ चे नियम छापलेले. ते नियम जाऊन २०१० ला नवे आले, तेही जाऊन २०२३ ला आणखी नवे आले. पोरांना पत्ता नाही. एकानं मला विचारलं, ‘मेगर हातानं फिरवायचा असतो की बटणाचा?’ परीक्षेला पंधरा दिवस होते!

आणि त्याहून वाईट. आपलाच एक भाऊ, निळा झेंडा खांद्यावर घेणारा, परवाना काढतो आणि ठेकेदाराला भाड्यानं देतो. महिन्याला ठरलेले पैसे घेतो आणि न बघितलेल्या कामावर सही ठोकतो. त्या सहीखाली मरणारा पण आपलाच. च्यायला, मग ठेकेदाराला शिव्या कुठल्या तोंडानं द्यायच्या? मलाही विचारणा झालीय. परीक्षा व्हायच्या आधीच! घरी आईचं औषध आहे, खोलीचं भाडं थकलंय. मोह झाला नाही असं सांगितलं तर मी खोटारडा.

तरी ठरवलंय. पास होईन. नापास झालो तर पुन्हा बसेन. जे काम मी मेगर लावून बघितलं नाही त्यावर सही करणार नाही. आणि पहिली तपासणी गोदीतल्या पंपाची आणि आमच्या वस्तीतल्या विहाराची, फुकट.

तुम्हीही बसा परीक्षेला. कविता लिहा, मोर्चा काढा आणि मेगरही फिरवायला शिका. तारेत हात आपला आहेच. आता सहीही आपली असली पाहिजे, आणि ती खरी असली पाहिजे.

जय भीम.