निर्बंध कागदावर, मलम चेहऱ्यावर

डॉक्टरांच्या चिठ्ठीविना १४ स्टेरॉईड मलमे विकण्यास केंद्राने मार्च २०१८ मध्ये मनाई केली. अंमलबजावणी राज्यांच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. तरीही गोरेपणाच्या आशेने ती मागितली जातात आणि मिळतातही. प्रारंभी चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, तिचे स्निग्ध आवरण विरते, ओलावा टिकत नाही, साध्या पाण्यानेही आग होते. मलम एकाएकी थांबविल्यास लाली उसळते आणि रुग्ण पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. खरी मेख हीच. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ते सोडणे इष्ट. तोवर साबण, स्क्रब आणि (घरोघरचे आवडते) लिंबू वर्ज्य. चेहरा धुतल्यावर ओलसर असतानाच सुगंधविरहित मॉइश्चरायझर वा पेट्रोलियम जेली लावावी, उन्हापासून जपावे. त्वचा सावरण्यास कित्येक महिने लागू शकतात.