हातमोजा प्रयोगशाळेतला आणि बांधावरचा

कीडनाशकांचे पृथक्करण करणाऱ्या बंगळुरूतील प्रयोगशाळेत मिलिग्रॅमभर नमुना हाताळण्यापूर्वीही तंत्रज्ञ नायट्राइलचे मोजे चढवतो आणि काम होताच ते टाकून देतो. तेच रसायन बांधावर बाटलीच्या झाकणाने मोजून उघड्या हाताने बादलीत ढवळले जाते. हातांना सर्वाधिक धोका याच क्षणी असतो. पंपातील द्रावण विरल असते, बाटलीतील नव्हे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पुढे संरक्षक संचांचे वाटप झाले, ते योग्यच होते. परंतु संचात प्रयोगशाळेतील पातळ मोजे घालून कर्तव्य संपले असे मानणे धोक्याचे आहे. एकदाच वापरून टाकून देण्यातच त्या मोज्यांची सुरक्षितता असते. शेतात तोच जोड आठवडाभर चालतो. आतून ओला, बोटाशी फाटलेला मोजा विष घामट त्वचेशी धरून ठेवतो. त्यापेक्षा लगेच धुतलेला उघडा हात बरा म्हणायचा. तेलकट द्रावकातील औषधापुढे साधे लॅटेक्सही फार काळ टिकत नाही.

कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत पोहोचणारे, द्रव आत न शिरू देणारे मोजे सांगितले आहेत. जाड नायट्राइलचे, आत कापडी अस्तर नसलेले मोजे ही अपेक्षा पुरी करतात. ते काढण्यापूर्वी हातातच साबणाने धुवावेत आणि पाणी भरून छिद्र तपासावे.

बंगळुरूच्याच इन्स्टेम संस्थेने सेपिओ हेल्थ कंपनीसह विकसित केलेले ‘किसान कवच’ १७ डिसेंबर २०२४ रोजी सादर झाले. त्याच्या कापडावरील ऑक्झाइम रसायन कीडनाशकाच्या रेणूचे स्पर्शातच विघटन करते. संशोधन मोलाचे आहे. मात्र सदरा, पायजमा आणि चेहऱ्याचे आवरण असलेल्या या संचाची किंमत सुमारे ४,००० रुपये सांगितली गेली. रोजंदारीवर फवारणाऱ्याने ती कोठून आणावी? आणि औषध मोजताना हाताला मोजा लागणारच.

फवारणारा बहुधा मजूर असतो, औषध विकत घेणारा मालक. म्हणून मोज्याचा खर्च औषधाच्या खर्चातच धरला पाहिजे. विस्तार कार्यकर्त्याने प्रात्यक्षिकात औषधाची बाटली उघडण्याआधी स्वतः मोजे घालावेत, आणि मालकाबरोबर त्याच्या मजुरालाही त्या प्रात्यक्षिकाला बोलवावे.