आजार एकाचा, उपचार साऱ्या घराचा

जबलपूरच्या गोरखपूर भागात माझी मावसबहीण राहते. तीन पिढ्यांपासून तिकडेच स्थायिक झालेले मराठी कुटुंब. घरात मराठी, दारात भाजीवाल्याशी अस्सल जबलपुरी हिंदी. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे गेले, तर सदा उघडे असणारे दार बंद. दारावर कागद चिकटवलेला : 'सर्दी-खोकला असेल तर कृपया फोनवरच बोला.' चपला बाहेर काढून, साबणाने हात धुऊन मगच आत प्रवेश मिळाला. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला सुतळीने बांधलेली एक शंभर पानी वही लटकत होती. आज त्या वहीबद्दलच सांगायचे आहे.

माझा भाचा तेव्हा सतरा वर्षांचा, बारावीत होता. सारखा ताप येई, हिरड्यांतून रक्त येई, पायांवर निळे डाग उठत. आधी वाटले टायफॉईड, मग वाटले अभ्यासाचा ताण. शेवटी रक्त आणि अस्थिमज्जा तपासली, तेव्हा निदान झाले ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग.

खरे कोणी सांगायचे?

घरातल्या मोठ्यांनी ठरवले, पोराला काही कळू द्यायचे नाही. 'रक्तात इन्फेक्शन आहे' एवढेच त्याला सांगितले. जवळपास हजार किलोमीटरचा प्रवास करून सगळे मुंबईला आले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या दारात तो थबकला आणि मला म्हणाला, "मावशी, इथे इन्फेक्शनवाल्यांना आणतात का गं?"

ताईने माझ्याकडे पाहिले. मग तीच त्याच्याजवळ बसली आणि सगळे सांगून टाकले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग माझ्या बारावीचं काय?"

त्या दिवसापासून घरातली कुजबुज थांबली. सतरा वर्षांच्या मुलाला कमरेतून सुया टोचून घ्यायच्या असतात, केस गळलेले पाहायचे असतात, स्टेरॉईडने सुजलेला चेहरा घेऊन मित्रांसमोर जायचे असते. हे सारे कशासाठी, हे त्यालाच ठाऊक नसेल तर तो कोणाच्या भरवशावर सहन करणार?

आशा कोठून आली?

या आजारात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. निरोगी पेशींना जागा उरत नाही. म्हणून अशक्तपणा, रक्तस्राव आणि वारंवार ताप. पूर्वी अशी मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. 1948 साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटवून दाखवला. हे औषध बनले होते आपल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत. त्याच्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही या उपचारात वापरले जाते.

आपल्याकडे 1983 मध्ये टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाच्याच दुसऱ्या एका प्रकाराने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. मज्जा दिली तिच्या भावाने. लहानपणी पोलिओ झाल्याने चाकांच्या खुर्चीतून फिरणाऱ्या डॉक्टरांनी हे काम केले होते. भाच्याला प्रत्यारोपणाची गरज पडली नाही, पण ही हकिकत त्याने मला दोनदा सांगायला लावली.

प्रगत देशांत आज या प्रकारच्या ल्युकेमियातून दहापैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात. वय वाढते तसे हे प्रमाण कमी होते. पण उपचार पुरा होणे ही पहिली अट. आणि उपचार चालतो दोन ते अडीच वर्षे, त्यातला मोठा भाग घरीच.

वहीतली पाने

म्हणूनच ती वही. पहिल्या पानावर कामांची वाटणी होती. ताईकडे पथ्य : उकळलेले पाणी, ताजे गरम जेवण, कच्चे आणि बाहेरचे बंद. जबलपूरची प्रसिद्ध खव्याची जिलेबीही बंद! भावजींकडे कागदपत्रे आणि पैसा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर व थ्री-टिअर एसीचे भाडे माफ असते, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचे प्रमाणपत्र मात्र हवे. मुंबईत उतरण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती असे आधार आहेत. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात संकोच न करता विचारावे.

दुसऱ्या पानावर रक्तदात्यांची यादी. प्लेटलेट्स पाचेक दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे दाते पुन्हा पुन्हा लागतात. तिसऱ्या पानावर तांबड्या शाईत : 'ताप आला की वाट पाहायची नाही. रात्र असो, सण असो, लगेच डॉक्टर.' उपचारात प्रतिकारशक्ती इतकी घटते की साधा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. पाहुण्यांनी सुचवलेले काढे आणि रसही डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत, हे आजींनीच लिहायला लावले होते.

एक पान मात्र कोणालाच सुचले नव्हते. धाकटी अकरा वर्षांची. तिच्याकडे लक्ष द्यायला वेळ कोणाला? एका रात्री ती माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "मावशी, मी दादाला भांडणात ढकललं होतं. त्याच्यामुळे निळे डाग आले का?" इतके महिने ते पोर हे ओझे एकटीने वाहत होते! हा आजार मारण्याने, भांडण्याने होत नाही, तो संसर्गजन्यही नाही, हे घरातल्या लहानांना स्पष्ट सांगावे लागते. दुसऱ्या दिवशी वहीत तिचे नाव लागले : रोज संध्याकाळी दादाशी पत्ते.

बरे दिसू लागल्यावर

खरी कसोटी पुढेच होती. आठ-नऊ महिन्यांत केस परत आले, अंगावर मांस चढले. आता फक्त रोजच्या आणि आठवड्याच्या गोळ्या. घर सैलावले. आणि एके दिवशी टेबलाच्या खणात ताईला न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. भावजींचा संताप झाला. भाचा रडत म्हणाला, "गोळी घेतली की मी पुन्हा पेशंट होतो."

डॉक्टरांनी रागावण्याऐवजी त्याला समोर बसवून सांगितले, की आजार दिसत नसला तरी पेशी दडून असतात. गोळ्या वारंवार चुकल्या तर तो उलटण्याचा धोका वाढतो, हे संशोधनाने दाखवले आहे. परतल्यावर भावजींनी वही सुतळीसकट त्याच्या हाती दिली. गोळी त्याने स्वतः घ्यायची, स्वतःच खूण करायची. आईने फक्त रात्री वही पाहायची, विचारायचे नाही.

बारावी एक वर्ष उशिरा झाली. उपचार संपले, तपासण्या अजून चालू आहेत. ताप म्हटला की ताईचा हात आजही थरथरतो. पण मागच्या भेटीत दार पूर्वीसारखे उघडे होते. खिळ्याला वही नव्हती. ती गल्लीपलीकडच्या एका घरी गेली होती. तिथल्या मुलीचे उपचार नुकतेच सुरू झाले होते, आणि कोरी पाने अजून बरीच शिल्लक होती.